प्रश्न चौथा, गुण पंधरा

३ एप्रिल, शुक्रवार. संध्याकाळी ६.१०

पेपर तपासणीचं पत्र आलं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी माझ्यावाचून अडतं. परीक्षा विभागातला क्लार्क फोनवर म्हणाला, यंदा परीक्षक कमी पडताहेत, मिळेल त्याला बोलावतोय. बोलायची एकेकाची पद्धत असते.

समाजशास्त्र, पेपर दुसरा. सोमवारपासून सेंटरवर बसायचं. यंदा एका परीक्षकाने एकच प्रश्न तपासायचा, म्हणजे सगळ्या मुलांना एकच मोजपट्टी. माझ्या वाट्याला प्रश्न चौथा: ‘शहरातील एकाकीपणा ही वैयक्तिक बाब आहे की सामाजिक? योग्य उदाहरणासह स्पष्ट करा.’ गुण पंधरा. उत्तरपत्रिका तीनशे वीस. दिवसाला बत्तीस, दहा दिवस, विषय संपला.

चौतीस वर्षांत माझ्या गुणांविरुद्ध एकही तक्रार टिकलेली नाही. आल्या होत्या दोन-तीन. पुढे त्यांचं काय झालं ते मला कोणी कळवलं नाही, म्हणजे टिकल्या नसणारच.

हिला फोनवर सांगितलं. खूश झाली.

५ एप्रिल, रविवार. सकाळी ११

गुणांचा तक्ता तयार केला. व्याख्येला तीन, कारणांना चार, उदाहरणाला चार, विवेचनाला तीन, भाषेला एक. शिवाय स्वतःसाठी एक कडक नियम: दर दहावी उत्तरपत्रिका दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासायची, आदल्या दिवशीचे गुण कागदाने झाकून. फरक अर्ध्या गुणापेक्षा जास्त पडता कामा नये. असा नियम बाकी कुणी केला असेल असं वाटत नाही.

हिचे कपडे धुतले. कपाटात पडून पडून कुबट वास येतो, आणि आली की लागतीलच. पुढच्या बाल्कनीत वाळत घातले. ऊन मागच्या बाल्कनीतही येतं, पण पुढे वारा चांगला.

जिन्यात खालच्या मजल्यावरची चष्मेवाली मुलगी भेटली. कुठल्याशा कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे, विषय समाजशास्त्रच. परीक्षेआधी तिला मी फुकटचं मार्गदर्शन केलं होतं, की बाई गं, गाइडातली उदाहरणं उतरवू नकोस, डोळ्यांसमोरचं लिही. तिने विचारलं, काकू कधी येणार? म्हटलं, पुढच्या आठवड्यात. तिच्यादेखतच फोन काढून हिच्याशी दोन शब्द बोललो, सावकाश ये म्हणून सांगितलं. मुलगी मान हलवून खाली गेली. हल्लीच्या मुलांना मोठ्यांशी चार वाक्यं बोलायला वेळ नसतो.

६ एप्रिल, सोमवार. संध्याकाळी ६

सेंटर म्हणजे कॉलेजचा वाचन हॉल. लांब टेबलं, प्रत्येक टेबलाला एक डुगडुगणारा पाय. आमच्या गुणांवर नजर ठेवणाऱ्या मॉडरेटरबाई माझीच विद्यार्थिनी निघाल्या. दुसऱ्या बाकावर बसायची, वहीत सारखं काहीतरी खोडायची. मी तिला बावन्न टक्के दिले होते, चांगलं लक्षात आहे. आता ती माझे गुण बघणार. ‘सर, आरामात बसा, घाई नाही,’ म्हणाली. गुरूबद्दलचा आदर दिसतो.

बत्तीसपैकी एकोणीस झाल्या. पंख्याचं वारं थेट कागदांवर येत होतं. न्यायाला घाई चालत नाही. उद्या पंचेचाळीस.

७ एप्रिल, मंगळवार. संध्याकाळी ६.३०

पंचेचाळीसपैकी बावीस. पण फेरतपासणीचा नियम पाळला. दहावी उत्तरपत्रिका: काल नऊ, आज साडेपाच. काल डबा खाल्ल्यानंतर तपासलेली, आज डब्याच्या आधी. याची नोंद घेतली पाहिजे. मग मागच्याच गठ्ठ्यातली एक सहज काढून पाहिली: काल सहा, आज दहा.

आधी जरा हबकलो. मग शांतपणे हिशेब केला. एकाचे साडेतीन गेले, दुसऱ्याला चार मिळाले. सगळ्या वर्गाचा विचार केला तर फरक अर्धाच पडला. नियमात बसतं.

९ एप्रिल, गुरुवार. संध्याकाळी ६.१५

सगळ्यांनी एकच गाइड वाचलंय. फ्लॅटमधली म्हातारी वारते, आठवडाभर कुणाला पत्ता नाही, दुधाच्या पिशव्या दारात साचतात. हे उदाहरण आतापर्यंत तेवीस वेळा आलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा डोळे भरून आले, चारपैकी साडेतीन दिले. दहाव्या वेळेला दोन. आज तेविसाव्या वेळेला अर्धा.

मॉडरेटरबाई मागे उभ्या होत्या, मला कळलंच नाही. म्हणाल्या, ‘सर, तेविसावा मुलगा तेविसावा आहे हे त्याला ठाऊक नाही ना?’

मी म्हटलं, परीक्षकाला ठाऊक असतं.

‘पण गुण त्याचे आहेत,’ त्या म्हणाल्या आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या.

बावन्न टक्के उगाच दिले नव्हते.

तरी घरी येताना तो अर्धा गुण डोक्यातून जाईना. उद्या म्हातारीसाठी सरसकट दोन ठरवून टाकतो. आधीच्यांचं राहू दे.

१० एप्रिल, शुक्रवार. दुपारी २.३०, सेंटरवरच

एक विचित्र उत्तर आलं. उतरवून घेतो, म्हणजे मुलं काय वाटेल ते लिहितात याचा पुरावा राहील.

‘आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षक राहतात. त्यांच्या पत्नी चौदा महिन्यांपूर्वी मुलीकडे गेल्या आणि परत आल्या नाहीत. त्या पुढच्या आठवड्यात येणार, असं ते सगळ्यांना सांगतात. दर रविवारी ते त्यांचे धुतलेले कपडे पुन्हा धुतात आणि रस्त्याच्या बाजूच्या बाल्कनीत वाळत घालतात. जिन्यात कोणी भेटलं की फोन काढून पत्नीशी बोलतात. एकदा मी एक पायरी वर उभी होते, तेव्हा फोनचा स्क्रीन बंद होता. मी काही बोलले नाही. इमारतीत कोणीच काही बोलत नाही. ते एकटे पडले ही त्यांची वैयक्तिक बाब असेल. पण आम्ही अठरा कुटुंबं हे रोज बघतो आणि चांगुलपणाच्या नावाखाली गप्प बसतो, ही बाब सामाजिक आहे.’

शेरा: व्याख्या नाही. कारणं अपुरी. उदाहरण कल्पित आणि अतिरंजित. शिक्षक असं वागत नसतात. पंधरापैकी चार.

अशा इमारती शहरात शेकड्याने आहेत. अठरा कुटुंबांच्या तर सर्रास.

आज पुढे काही तपासलं नाही. पंखा.

१२ एप्रिल, रविवार. दुपारी ३

आज कपडे धुतले नाहीत. पाण्याचा जोर कमी होता.

भाजी आणायला जायचं होतं, पण खालच्या मजल्यावर दार उघडं दिसलं, बोलण्याचे आवाज येत होते. बंद होण्याची वाट पाहिली. दुपारी बंद झालं, तोवर बाजार उठला होता.

१३ एप्रिल, सोमवार. संध्याकाळी ६

मॉडरेटरबाईंनी शुक्रवारचा गठ्ठा परत आणला, वर तीच उत्तरपत्रिका. खुर्ची ओढून शेजारी बसल्या.

‘सर, याला चार?’

तक्ता दाखवला. व्याख्या नाही, म्हटलं.

‘शेवटच्या दोन ओळी व्याख्याच आहेत. सगळ्या गठ्ठ्यात प्रश्न खरोखर समजलेली ही एकटीच मुलगी आहे. मी तेरा देईन.’

मी म्हटलं, उदाहरण खोटं आहे.

‘कशावरून?’

तक्त्याची घडी घातली. मग म्हटलं, खरं असेल तर जास्तच वाईट. एखाद्या माणसाची अशी चव्हाट्यावर बदनामी करायची?

‘नाव कुठे लिहिलंय, सर? शहरात त्या माणसाला ओळखणारं कोण आहे?’

पुन्हा वाचून उद्या सांगतो म्हटलं. त्यांनी उत्तरपत्रिका माझ्यापुढे ठेवली. जाताना पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवून गेल्या.

१४ एप्रिल, मंगळवार. संध्याकाळी ५.४५

जयंतीची सुट्टी असूनही सेंटर चालू होतं. नियमाप्रमाणे गुण झाकून तपासलं. सकाळी सहा. डब्यानंतर तीन. चार वाजता अकरा. आकडे खोडून खोडून कागदाला भोक पडायची वेळ आली.

परीक्षकांच्या सूचनांमध्ये नववी सूचना आहे: परीक्षार्थी ओळखीचा असल्यास उत्तरपत्रिका न तपासता परत करावी. ही सूचना मला लागू नाही. वर नुसता कोड नंबर आहे, मला काय माहीत कोण. अक्षरही ओळखीचं नाही. आणि परत करायची तर कारण लिहून द्यावं लागतं. काय लिहिणार?

दुसरीकडे, चार राहिले तर पोरीचा वर्ग हुकू शकतो. एवढंच ना? वर्ग हुकलेली पुष्कळ मुलं पुढे चांगली निघतात. मॉडरेटरबाईंचंच बघा.

हे लिहून झाल्यावर वाचलं. वाचवेना.

१५ एप्रिल, बुधवार. दुपारी ४

सेंटरवर गेलो नाही. कणकण आहे असं कळवलं. कणकण नाही.

३ तारखेच्या नोंदीत लिहिलंय, हिला फोनवर सांगितलं, खूश झाली. हिला काहीच माहीत नाही. मी फोन केलाच नव्हता. ही वही माझ्याखेरीज कोणी वाचत नाही, तरी लिहिताना खोटं लिहिलं. कुणासाठी, ते मला सांगता येत नाही.

शेवटचं बोलणं डिसेंबरात झालं. मुलीने लावून दिला होता, तीन-चार वाक्यं झाली. ती फोन उचलत नाही अशातला भाग नाही. मीच केला नाही. आधी तिने करावा असं होतं. मग इतके दिवस गेले की करायचा तर काहीतरी कारण हवं, असं झालं.

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात गंमत म्हणून मी तिच्या चहाला गुण दिले. दहापैकी सात. ती खूप हसली. मग तसंच सुरू राहिलं. भाजीला साडेसहा. पडद्यांच्या रंगाला पाच. माझ्या साहेबांशी बोलली त्याला चार, मुद्दा सोडून बोललीस म्हणून. तिचं हसणं कधी थांबलं ते माझ्या लक्षात आलं नाही. मी कोणाला विचारून गुण देत नव्हतो, त्यामुळे ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघायची सवय नव्हती.

जायच्या दिवशी बॅग भरत होती. चार दिवसांसाठी मुलीकडे जाते म्हणाली. बॅग चार दिवसांपेक्षा मोठी होती, हे मी बघितलं. म्हणाली, ‘अहो, इतक्या वर्षांत एकदाही दहापैकी दहा नाही मिळाले मला.’

मी म्हटलं, आमच्या विषयात पूर्ण गुण द्यायची पद्धत नाही.

विनोद म्हणून म्हटलं होतं. ती हसेल म्हणून थांबलो. तिने बॅगेची चेन लावली.

१६ एप्रिल, गुरुवार. दुपारी १.१५

सकाळी सेंटरवर लवकर गेलो. हॉल रिकामा होता, शिपाई टेबलं पुसत होता. मॉडरेटरबाई आल्यावर उत्तरपत्रिका त्यांच्या हातात दिली. नववी सूचना, म्हटलं.

‘मुलगी ओळखीची आहे का, सर?’

म्हटलं, बहुतेक. पण तेवढंच कारण नाही. त्यातला माणूस मी आहे.

त्यांनी काही विचारू नये म्हणून मीच बोलत राहिलो. म्हटलं, चौदा महिन्यांचं खरं आहे. कपड्यांचं खरं आहे. स्क्रीनचंही. एकच चूक, ती वर नव्हती, खाली होती; तिच्या ते लक्षात राहिलं नसेल. मग लक्षात आलं की मी अजूनही चुका काढतोय, आणि गप्प बसलो.

त्यांनी उत्तरपत्रिका वेगळ्या पाकिटात घातली. दुसऱ्या परीक्षकाकडे पाठवते, म्हणाल्या. कारणाच्या रकान्यात त्यांनी स्वतःच ‘परीक्षार्थी परिचित’ एवढं लिहिलं, बाकी काही नाही. मी विचारलं, उदाहरणाला किती मिळतील? ते सांगता येत नाही, नियम आहे, म्हणाल्या.

म्हटलं, माझं मत म्हणून कुठे नोंदवता येत असेल तर चारपैकी चार.

‘नोंदवता येत नाही, सर,’ त्या म्हणाल्या. ‘पण मी ऐकलं.’

मग त्यांनी दार ओढून घेतलं, आणि जे सांगायचं ते फार हळू सांगितलं. मी तपासलेल्या एकशे सेहेचाळीसही उत्तरपत्रिका पुन्हा तपासायला लागणार आहेत. सारख्या उत्तरांना माझे दोन आणि अकरा आहेत. त्यांनी ते आठवड्याभरापूर्वीच पाहिलं होतं, पण माझ्या तोंडावर बोलवेना. उरलेला गठ्ठा इतरांत वाटतील. उद्यापासून नाही आलात तरी चालेल.

मी विचारलं, तुझे बावन्न बरोबर होते का?

त्या जरा हसल्या. म्हणाल्या, ‘घरी जाऊन दोन दिवस रडले होते, सर. बरोबर होते की नाही, ते आता कसं सांगणार?’

चौतीस वर्षं. गुणिले वर्गातली मुलं. हा गुणाकार मी केला नाही.

१८ एप्रिल, शनिवार. सकाळी ९.३०

भाजीची पिशवी घेऊन चढत होतो, मधल्या वळणावर चष्मेवाली भेटली. दोघंही थांबलो. हात खिशाकडे गेला होता, तो परत घेतला. पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

पेपर कसे गेले, म्हणून विचारलं.

‘बरे गेले, काका. एक उत्तर मनापासून लिहिलं. पण लिहिल्यापासून बरं वाटत नाहीये.’

का, ते विचारलं नाही. म्हटलं, डोळ्यांसमोरचं लिहिलंस ना? मग बरोबर लिहिलंस.

तिने माझ्याकडे पाहिलं. तिला काय कळलं, काय नाही, मला माहीत नाही.

मी म्हटलं, काकू पुढच्या आठवड्यात येणार नाही. म्हणजे माझ्या तरी तसं काही कानावर नाही.

‘माहीत आहे, काका,’ ती म्हणाली. मग पिशवीकडे हात करून म्हणाली, ‘द्या इकडे, मी वर आणून देते.’

एवढी जड नव्हती. दिली.

दारात पिशवी ठेवून गेली. आत ये म्हणायचं मला सुचलं तोवर ती दोन मजले उतरली होती.

२० एप्रिल, सोमवार. दुपारी १२.४०

साडेअकराला हिला फोन लावला.

बोलायचे मुद्दे कागदावर काढून ठेवले होते, चार. चौथ्या रिंगला उचलला. पहिलं वाक्य, ‘काय झालं? बरं आहे ना सगळं?’ मी फोन केला म्हणजे काहीतरी झालंच असणार, असं तिला वाटलं. काही नाही झालं, म्हटलं.

मागे मुलांचा कल्ला चालला होता. नातीच्या मैत्रिणी जमल्यात का, विचारलं. नाही म्हणाली. ती पाळणाघरात काम करते, सात महिने झाले. बारा मुलं आहेत तिच्याकडे. मला कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

पहिला मुद्दा होता, माझं चुकलं. तो बोललो. बाकीच्या तीन मुद्द्यांवर नजर टाकली. तिन्हींमध्ये चुकण्याची कारणं होती. ते सोडून दिले.

एक मूल रडायला लागलं, तर ‘थांबा हं’ म्हणून त्याच्याकडे गेली. मला तिचा आवाज ऐकू येत होता, कुठे लागलं, दाखव बघू, अरे वा, शूर आहेस की. तिचा असा आवाज मी पुष्कळ वर्षांत ऐकला नव्हता. परत फोनवर आली तेव्हा साधा झाला होता.

जेवता ना वेळेवर, असं विचारलं. जेवतो म्हटलं.

येशील का, विचारलं.

‘नाही हो,’ म्हणाली. रागाने नाही. तिला थोडं वाईट वाटत असावं, असा आवाज होता. वाटत असावं हे मी माझ्या मनाचं लिहितोय का, ते तपासून पाहिलं. तसं नसेलही.

‘आता ठेवते. यांना जेवायला वाढायचंय.’

उद्या याच वेळेला करू का, म्हटलं.

‘रोज नको,’ ती म्हणाली. ‘रविवारी करत जा. सुट्टी असते मला.’

सहा मिनिटं झाली.

आज सोमवार आहे.